पायाखालची मॅट सरकली!

जून लागला की पुण्या-मुंबईच्या नोकरदार पब्लिकला दोन आजार हमखास होतात. एक सर्दी आणि दुसरा ताम्हिणी. पहिला तीन दिवसांत बरा होतो. दुसरा ऑगस्ट संपेपर्यंत दर शनिवारी उलटतो. ग्रुपवर कुणीतरी धबधब्याचा फोटो टाकतं, खाली दुसरं कुणीतरी ‘चलायचं का?’ विचारतं, आणि रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक ठरलेलं दृश्य दिसतं. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अर्धं अंग गाडीच्या आत घातलेला एक माणूस स्वतःशीच पुटपुटतोय, ‘अरे देवा, हे कार्पेट आता वाळणार कधी?’

तो माणूस, मंडळी, अस्मादिक.

झालं असं की मी पिकअप घेतली. हो, पिकअप. डबल कॅब, पाच सीट आणि मागे उघडा हौदा. आपल्याकडे घरच्या वापरासाठी अशा गाड्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटाची झेनॉन येऊन गेल्या, २०१६ साली इसुझूची व्ही-क्रॉस आली, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स. माझी यातली कुठली ते सांगत नाही. बायकोच्या मते ईएमआय संपेपर्यंत ती बँकेचीच आहे.

पिकअप म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर कांद्याची पोती नाहीतर गणपतीची मूर्ती येते. गाडी घरी आणली त्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनने मला हात दाखवून थांबवलं आणि म्हणाला, ‘दादा, डिलिव्हरीच्या गाड्या मागच्या गेटनं.’ सासरे त्याच्या पुढचे. ‘जावईबापू, भाजीचा धंदा काढताय की काय?’ मी हसून वेळ मारून नेली. डोंगर, दऱ्या, कॅम्पिंग, सायकली, कयाक असली स्वप्नं सासऱ्यांना समजावून सांगता येत नाहीत. तसंही आजवर त्या हौद्यातून फक्त आमचं जुनं वॉशिंग मशिन आणि मावशीचा दिवाण एवढंच गेलंय.

असो. विषय हौद्याचा नाही, पायाखालच्या मॅटचा आहे. आता तुम्ही म्हणाल, मॅट हा काय कॉलमचा विषय आहे? गाडी घेताना आपण इंजिन बघतो, टचस्क्रीन बघतो, सनरूफ बघतो. मॅट शोरूमवाला ‘फ्री’ देतो, आणि फ्रीच्या वस्तूकडे कोण बघतंय? मीही बघितलं नव्हतं. त्यापायी एका शनिवारी माझं सगळं कुटुंब घाटात पणाला लागलं. म्हणून हा प्रपंच.

आठ दिवसांचा वास

पहिल्या पावसाळ्यात गाडीत शोरूमच्याच कार्पेट मॅट्स होत्या. मऊ, मखमली, काळ्या. दिसायला एकदम पॉश. मुळशीच्या पुढे भातखाचरांच्या कडेला उतरून फोटो काढले, चिखलाच्या बुटांनी परत चढलो. पिकअप उंच असते. त्यामुळे माणूस तीत बसत नाही, चढतो. चढताना बूट उंबऱ्याला घासतो, टाच आत आपटते आणि बुटाला लागलेलं अर्धं खाचर गाडीत येतं.

एक गोष्ट तेव्हा कळली. मातीमातीतही फरक असतो. आपल्या देशावरची काळी माती कणकेसारखी चिकटते, वाळली की ढेकळं होऊन निघते. कोकणातली तांबडी माती चिकटते कमी, पण रंग सोडते. कार्पेटला एकदा लागली की मग तुम्ही शॅम्पू लावा नाहीतर नवस बोला, जात नाही.

खरा घोळ मात्र दिसत नाही तिथे होतो. गाडीच्या कार्पेटखाली जाड नमद्यासारखा किंवा फोमचा थर असतो. आवाज आणि उष्णता आत येऊ नये म्हणून. वरून पाणी झिरपलं की तो थर स्पंजासारखं पिऊन बसतो. वरचं कार्पेट दोन दिवसांत कोरडं लागतं, खालचा थर मात्र पावसाळ्याच्या हवेत आठवडेच्या आठवडे ओला राहतो. त्याच भागातून वायरिंग जातं, सीटखाली कनेक्टर असतात. खाली पत्रा असतो, आणि पत्र्याला गंज आतून चढला तर तो तुम्हाला गाडी विकायच्या दिवशीच भेटतो. आमच्या गाडीत आठ दिवस असा वास येत होता, की ऑफिसच्या कारपूलमधली दोन माणसं आपणहून मेट्रोने जायला लागली.

आणखी एक. ओली मॅट म्हणजे गाडीत कोंडलेली वाफ. पावसात काचा आतून धुरकटतात, आपण फडकं शोधत बसतो, आणि वास्तविक त्यातला बराचसा ओलावा आपल्याच पायाखालून येत असतो. अशा वेळी एसी चालू ठेवून बाहेरची हवा आत घ्यायची, आतलीच हवा फिरवत राहायची नाही, हे आता शाळेतल्या पाढ्यांसारखं पाठ झालंय.

मिशिगनहून आलेलं खोकं

माझा मेव्हणा मिशिगनला असतो. त्याच्याकडेही पिकअप आहे. तिकडे म्हणे दर तिसऱ्या घरासमोर उभी असते, त्यामुळे त्याला वॉचमन अडवत नाही. वासाची कर्मकहाणी ऐकून तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला, ‘जिजू, कार्पेट वगैरे सोडा. ऑल-वेदर मॅट घ्या. आमच्याकडे त्याशिवाय विंटर निघत नाही.’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिकडे बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळावा म्हणून. तो मिठाचा काला बुटाला चिकटून गाडीत येतो, हीटरने वितळतो आणि खारं पाणी कार्पेटमधून थेट पत्र्यापर्यंत जातं. त्यावर तोडगा म्हणून तिथल्या मॅट्स म्हणजे अक्षरशः परातीच असतात. चहूबाजूंनी उंच कड, मध्ये खोल नाल्या. पाणी आलं की नालीत थांबतं, बाहेर सांडत नाही. हा धंदा तिकडे एवढा मोठा आहे की वेदरटेक नावाची इलिनॉयची कंपनी २०१४ पासून सुपर बोलमध्ये जाहिराती करत आलीय. सुपर बोल, बॉस! आपल्याकडे आयपीएलच्या फायनलमध्ये पायपुसण्याची जाहिरात लागली तर कसं वाटेल, तसं.

डिसेंबरात मेव्हणा सुट्टीवर आला तो भलंमोठं खोकं घेऊनच. आत जाडजूड काळ्या मॅट्स. वजन असं की बॅगेत चॉकलेटं कमी आणि रबरच जास्त. बायकोचं तोंड त्या चॉकलेटांसाठी थोडं उतरलं, पण मी खूश. इंपोर्टेड माल, तोही फुकट.

फक्त तीन गोष्टी राहून गेल्या होत्या. पहिली, मॅट्स त्याच्या पिकअपच्या होत्या, माझ्या नव्हे. दुसरी, तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, आपल्याकडे उजवीकडे. तिसरी, माझ्या गाडीच्या फरशीवर मॅट अडकवायचे जे दोन हुक आहेत, त्यांच्याशी त्या मॅटच्या भोकांचा काडीचा संबंध नव्हता.

मराठी माणूस मात्र फुकटची वस्तू वाया घालवत नाही. मी कटर घेतला. एक कोपरा कापला, एक कड तासली. खाली शोरूमची कार्पेट मॅट तशीच ठेवली आणि तिच्यावर ही बसवली. म्हटलं, डबल प्रोटेक्शन! हाताने दाबून बघितलं. जडच होती, कुठे जाणार?

पंधरा सेकंद

जुलैतला शनिवार. आम्ही गावी निघालो होतो, श्रीवर्धनकडे. मी, शेजारी बायको, मागे आई-बाबा. ताम्हिणीत रिमझिम, धुकं, रस्ता ओला. पुढे एसटी. एक सरळ, चढाचा पट्टा मिळाला, समोरून काही नव्हतं. मी इंडिकेटर दिला आणि अ‍ॅक्सिलरेटर पार खालपर्यंत दाबला. एसटी मागे पडली, मी पाय उचलला.

गाडीचा वेग उतरला नाही.

पाय वर, पेडल खाली. इंजिन बोंबलतंय, पुढे वळण. माझ्या डोक्यात एकच विचार, ‘गाडीला काय झालं?’ मी ब्रेक मारला, गाडी रेटतच होती. सोडला, परत मारला. खाली वाकून बघावंसं वाटलं, आणि तेवढ्यात शेजारून बायकोचा आवाज, मिटिंगमध्ये बोलते तसा, सपाट : ‘अरे, न्यूट्रल टाक. न्यूट्रल.’

मी लिव्हर ढकलला. इंजिन आणखी जोरात किंचाळलं, पण चाकांची ताकद गेली. ब्रेक दाबून धरला, गाडी डावीकडे घेतली, थांबवली, मग बंद केली. सगळं मिळून पंधराएक सेकंद असतील. मागून गेलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने माझ्याकडे बघून हॉर्न वाजवला. त्याने दिलेली शिवी ऐकू आली नाही, पण ती मला मान्य आहे.

खाली वाकलो तर कारण समोरच होतं. वरची मॅट खालच्या कार्पेटवरून हळूहळू पुढे सरकत गेली होती आणि तिची ती सुंदर, उंच, इंपोर्टेड कड अ‍ॅक्सिलरेटरवर चढून बसली होती. पेडल तिच्याखाली दाबलेलं. मी हात लावला तर टप्‌ करून सुटलं. पायाखालची वाळू सरकणे हा वाक्प्रचार शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिला होता. माझी मॅट सरकली होती, पण अर्थ तोच.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मागच्या सीटवरून बाबांनी विचारलं, ‘केवढ्याला पडली रे ती मॅट?’

‘फुकट आहे, बाबा.’

‘तरीच.’

मी बायकोला विचारलं, ‘तुला न्यूट्रल कसं सुचलं?’ ती म्हणाली, ‘आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे काका पहिल्याच दिवशी सांगायचे, गाडी ऐकेनाशी झाली की तिचा गिअर काढून घ्यायचा.’ आई पुढचा सगळा घाट रामरक्षा म्हणत होती.

हे आधी घडून गेलंय

घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून वाचत बसलो आणि वाचता वाचता थंड पडलो. माझ्या गाडीत झालं तेच, अगदी तेच, अमेरिकेत घडून गेलं होतं. २८ ऑगस्ट २००९. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळचं सॅन्टी. हायवे पोलिसातला एक अधिकारी सुट्टीच्या दिवशी बायको, मुलगी आणि मेव्हण्यासह लेक्सस ईएस ३५० मधून चालला होता. गाडी त्याची नव्हती. स्वतःची गाडी दुरुस्तीला टाकली होती, म्हणून डीलरने तात्पुरती दिलेली. अ‍ॅक्सिलरेटर अडकला, वेग ताशी शंभर मैलांच्या पुढे गेला. मेव्हण्याने गाडीतून इमर्जन्सीला फोन लावला होता. चौघेही गेले.

तपासात काय निघालं? गाडीत ऑल-वेदर रबर मॅट होती. चांगली, जाड, कंपनीचीच. फक्त ती त्या मॉडेलची नव्हती, लेक्ससच्याच एका एसयूव्हीची होती आणि क्लिपने अडकवलेली नव्हती. आणखी वाईट म्हणजे त्याआधी तीच गाडी वापरलेल्या दुसऱ्या एका ग्राहकाचा पेडलही तसाच अडकला होता. तो वाचला आणि त्याने ते डीलरकडे सांगितलंही होतं.

पुढे टोयोटाने अडतीस लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. त्यात कॅमरी, प्रियस होत्या, तशाच टॅकोमा आणि टुंड्रा या पिकअपही होत्या. पेडलचा आकार बदलला, आणि अनेक मॉडेल्सना ब्रेक दाबला की अ‍ॅक्सिलरेटर निष्प्रभ करणारी व्यवस्था दिली गेली. वास्तविक २००७ मध्येच ५५,००० ऑल-वेदर मॅट्स परत मागवल्या होत्या, म्हणजे घंटा दोन वर्षं आधी वाजली होती. इलेक्ट्रॉनिक्समध्ये भूत आहे का, हे शोधायला ‘नासा’चे इंजिनीअर बसवले. २०११ च्या अहवालात भूत सापडलं नाही. कारणं निघाली ती साधी, अडकणारं पेडल आणि सरकणारी मॅट. मार्च २०१४ मध्ये ग्राहकांपासून माहिती दडवल्याबद्दल टोयोटाने अमेरिकी सरकारशी १२० कोटी डॉलर्सचा समझोता केला.

चंद्रावर माणूस पाठवणारी संस्था एका मॅटपर्यंत येऊन पोचली. आणि मी कटर घेऊन घरीच तीच गोष्ट करून बसलो होतो. दुसऱ्या गाडीची मॅट, हुक न लावता, वर आणखी डबल.

तर मॅट घ्यायची कशी?

पुढच्या रविवारी नाना पेठ गाठली. गाडीच्या पार्टसाठी पुणेकर शेवटी तिथेच जातो. दुकानदार काकांनी एका दमात विचारलं, ‘थ्रीडी, फाइव्हडी, सेव्हनडी, काय दाखवू?’ आइन्स्टाइनचं विश्व चार डायमेन्शनमध्ये भागलं, पण अ‍ॅक्सेसरीजवाल्यांचं भागत नाही. तासभर बसलो, चहा प्यायलो, फंडे क्लिअर करून घेतले. ते असे.

सेव्हनडी म्हणजे वर शिवलेलं रेक्झिन, खाली फोम. दिसायला हॉटेलच्या लॉबीसारखी. शहरात, कोरड्या बुटाने वापरणार असाल तर ठीक. पावसात मात्र ओला बूट तिच्यावर घसरतो, आणि फरशी पार झाकलेली असल्याने खाली पाणी गेलं की ते वाळायला वाटच राहत नाही. बऱ्याचदा कंपनीचे हुकही तिच्याखाली गाडले जातात.

नूडल मॅट म्हणजे प्लॅस्टिकच्या शेवयांचा गालिचा. माती खाली पोटात जाते, वरून स्वच्छ दिसतं. दिसतंच फक्त. झटकायला काढाल तेव्हा आत अर्धं शेत निघतं. पाणी थोडं असेल तर सांभाळते, जास्त झालं तर कडा नसल्यामुळे बाजूने सोडून देते.

स्वस्त पीव्हीसी मॅट उन्हात तापली की वास मारते, दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होते आणि कोपरे उचलते. उचललेला कोपरा म्हणजे पेडलसाठी सापळाच. चांगली रबरी मॅट टिकाऊ, पण जड, आणि सुरुवातीला वास असतोच. टीपीई नावाचा प्रकार असतो, रबरासारखा लवचिक पण साच्यात घातलेला. वजनाला हलका, वास कमी, फरशीच्या आकारात नेमका बसणारा, उंच कडांचा. आपल्या पावसाला आणि पिकअपला हा सूट होतो. मी तोच घेतला. पण खरं सांगू? मटेरियल हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न फिटिंगचा.

फंडा नंबर एक : मॅट तुमच्याच मॉडेलची, तुमच्याच वर्षाची हवी. ‘सगळ्या गाड्यांना बसते’ याचा अर्थ कुठल्याच गाडीला नीट बसत नाही. गाडी ऑटोमॅटिक की गिअरची, हेही सांगा. क्लच असला की पायाकडची जागा बदलते. परदेशातून कुणी आणणार असेल तर प्रेमाने सांगा, चॉकलेट आण.

फंडा नंबर दोन : ड्रायव्हरच्या मॅटला गाडीच्या मूळ हुकांची भोकं हवीतच. हुक बसल्याचा ‘टक्’ आवाज कानाने ऐका. खालची बाजू उलटी करून बघा, कार्पेट धरून ठेवणारे बारीक काटे असायला हवेत.

फंडा नंबर तीन : एकावर एक मॅट कधीही नाही. नवी टाकायची तर जुनी काढायची. लग्नाला लागू, मॅटलाही लागू.

फंडा नंबर चार : दुकानातून निघण्याआधी इंजिन बंद ठेवून तीनही पेडल, ऑटोमॅटिक असेल तर दोन्ही, पार खालपर्यंत दाबा आणि सोडा. मॅट मुद्दाम पुढे ढकलून परत करून बघा. पेडल कुठेही घासता कामा नये, स्वतःहून वर यायला हवं. मग टाचेने मॅट जोरात पुढे रेटा. हलली, तर काकांना नमस्कार करून परत द्या.

फंडा नंबर पाच, खास पिकअपवाल्यांसाठी : मागच्या सीटसमोर मध्ये उंचवटा असतो, तिथे दोन तुकड्यांपेक्षा एक सलग मॅट बरी, नाहीतर पाणी नेमकं फटीतून जातं. उंबऱ्याकडची कड उंच हवी, पण चढताना बूट अडखळेल इतकी नाही. पुढच्या सीटखाली मागच्यांसाठी हवेची तोंडं असतील तर ती झाकू नका, नाहीतर मागून ‘एसी लावलाय ना?’ ऐकत राहाल.

फंडा नंबर सहा : मॅट धुतल्यावर तिला चकाकी आणणारं पॉलिश मारू नका. डॅशबोर्ड चमकतो तेव्हा छान वाटतं, मॅट चमकते तेव्हा पाय घसरतो. साधं पाणी, थोडा शॅम्पू, सावलीत वाळवणं, बस्स.

आणि सर्वांत महत्त्वाचं : वॉशिंग सेंटरवरून गाडी घेताना स्वतः वाकून बघा. तिथली पोरं धडाधड मॅट्स काढतात, धुतात आणि परत टाकतात. टाकतात म्हणतोय मी, बसवतात नाही. ड्रायव्हरची मॅट हुक न लावता, कधी शेजारच्या बाजूची. त्यांचा दोष नाही, गाड्यांची रांग लागलेली असते. गाडी चालवणारे आपण आहोत, बघायचं आपणच.

एक जाता जाता : बूट कोरडे असूनही डावीकडची फरशी ओली लागत असेल तर मॅट बदलून काही होणार नाही. बहुतेकदा एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलेली असते. आधी ती साफ करून घ्या, मग मॅटचा विचार.

आणि तरीही अडकलं तर

मी केलं ते करू नका. वाकून मॅट ओढायला जाऊ नका, नजर रस्त्यावरच ठेवा. ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच सगळी ताकद लावून दाबा आणि धरून ठेवा. न्यूट्रल टाका, गिअरची गाडी असेल तर क्लच दाबा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. इंजिनची दुरुस्ती होते. कडेला थांबल्यावर मगच गाडी बंद करा. चालत्या गाडीत किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. हे सगळं एखाद्या मोकळ्या मैदानात, हळू वेगात, एकदा हाताला सवय होईल असं करून बघा. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगा. आणि शेजारच्या सीटवर बसणाऱ्यालाही. आमच्याकडे तेच कामाला आलं.

आता आमच्या गाडीत नवी मॅट आहे. दिसायला अगदी साधी, करडी, कुणी वळूनही बघणार नाही अशी. मागच्या आठवड्यात पुन्हा ताम्हिणी झाली. घाटाखाली उतरून भजी खाल्ली, चिखलासकट चढलो, घरी येऊन मॅट परातीसारखी अलगद उचलली आणि गटारापाशी उपडी केली. खालचं कार्पेट खडखडीत कोरडं. निघताना बाबा मागच्या सीटवरून आता बेल्टच्या आधी विचारतात, ‘हुक लावला का रे?’ संध्याकाळी ‘दिवा लावला का’ विचारावं, त्या सुरात.

आणि मिशिगनची ती मॅट? फेकवेना. फ्लॅटच्या दाराबाहेर ठेवलीय. पावसात येणारे-जाणारे तिच्यावर बूट पुसतात, पाणी नालीत थांबतं, लॉबी कोरडी राहते. सेक्रेटरीने खास कौतुक केलं. परवा मेव्हण्याने विचारलं, ‘जिजू, मॅट बसली का?’

म्हटलं, ‘एकदम फिट.’

कुठे ते त्याने विचारलं नाही.